एक मिनिट शोधा, मग वर या

आम्हा दोघांच्या हातात स्कुबा डायव्हिंगच्या परवान्याचं कार्ड आलं तेव्हा ताई म्हणाली, "अरे, मासे बघायला कोणीही जातं. खाली काही बिघडलं तर स्वतःला बाहेर कसं काढायचं, ते आधी पक्कं करूया."

ताई ठाण्यात राहते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी करते, मी आई-बाबांबरोबर डोंबिवलीत राहतो. पूर्ण पावसाळा आम्ही रविवारी ठाण्याच्या एका तरणतलावात घालवला. मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून काढायचं. तोंडातला, श्वास घ्यायचा रेग्युलेटर सोडून परत शोधायचा. आणि जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, मग दोघांनीही वर यायचं. आमचे डायव्हिंगचे सर हे इतक्यांदा सांगायचे, की ऐकून कान किटले.

दिवाळीनंतर सरांबरोबर मालवणला निघालो. ठाण्याहून रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी. तुम्ही जाणार असाल तर बोटीत बसण्याआधी एखादं घावन आणि चहा, एवढंच खा. सुरमईचं ताट परत आल्यावर.

पहिल्या दिवशी पाणी नितळ होतं. दुसऱ्या दिवशी गढूळ. सर बोटीवर थांबले, आम्ही दोघं उतरलो. खडकाला वळसा घालून मागे पाहिलं, तर ताई नाही.

गोल फिरलो. वर पाहिलं, खाली पाहिलं. नुसतं हिरवट धुकं. मिनिट संपलं. अजून थोडं शोधावं, असं मन आतून ओरडत होतं. पण मी निघालो. श्वास न रोखता, बुडबुड्यांपेक्षा हळू.

वर ताई नव्हती.

शिट्टी वाजवली. "सर, ताई दिसत नाहीये! मी परत जातो!"

"अजिबात नाही!" सर पाठीवर हवेची टाकी चढवत ओरडले.

बोटवाले काका पलीकडे वाकून बघत होते. "थयच रव रे. हयसर बुडबुडे येतत."

बुडबुडे, म्हणजे ती श्वास घेत होती. जाकिटात हवा भरून मी तरंगत राहिलो. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही.

सर उडी मारणार, तेवढ्यात ताईचं डोकं वर आलं. तिने हात उंचावून 'ठीक आहे'ची खूण केली. तिच्या पायातल्या वल्ह्यासारख्या फिनला मासेमारीच्या तुटक्या जाळ्याचा नायलॉन गुंडाळलेला होता.

"ओढला तर आणखी आवळला," ती बोटीत धापा टाकत म्हणाली. "मग थांबले, श्वास लांब घेतला, कटर काढला आणि एकेक धागा कापला."

त्या दिवशी आम्ही पुन्हा उतरलो नाही. 

परत आल्यावर डोंबिवलीला जेवताना ताईने आईला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. आईचा हात ताटातच थांबला. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? बहिणीला खाली सोडून वर आलास?"

मी ताट बाजूला केलं.

"आई, तो वर गेला असणार, हे मला माहीत होतं," ताई म्हणाली. "तो अजून खालीच मला शोधत फिरतोय, ही काळजी असती ना, तर मला एकही धागा नीट कापता आला नसता."

तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "घे. तिकडेही तू धड जेवला नाहीस."