डोकंमाप डॉक्टरांची खुर्ची

आमचे डोकंमाप डॉक्टर धुळ्यात शिंकले की धरणगावच्या जिनिंगमध्ये कापूस उडायचा. खोटं वाटत असेल तर कापसाला विचारा. एखाद्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही यावरून कोर्टात भांडण जुंपलं, की दोन्ही बाजूंचे डॉक्टर बाजूला ठेवून माणूस आमच्याकडे पाठवला जायचा. ऐंशीच्या दशकात साहेबांचे अहवाल मी टाइप करायचो. अर्ध्या खानदेशाची डोकी माझ्या बोटांखालून गेली.

साहेबांना वावडं एकच, नातेवाइकांचं. तपासायच्या माणसाला नाव विचारलं तरी उत्तर शेजारचा मेहुणा द्यायचा. मग साहेब गरजायचे, "जो मधे बोलेल, त्याची तपासणी आधी!" आणि बोलणाऱ्याची रवानगी समोरच्या लाकडी खुर्चीत. एका सरपंचाला असं बसवलं, तर म्हणे तो पुढची निवडणूक नुसत्या हातवाऱ्यांवर लढला.

पिंपळनेरच्या अक्का आल्या त्या पुतण्याच्या अर्जामुळे. म्हातारी म्हशीशी बोलते, वेडी झाली आहे, सबब घर आणि शेत माझ्या हवाली करा, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी वेडी म्हटलं असतं तर अक्कांचं राहतं घर गेलं असतं.

"अक्का, म्हशीशी बोलता?"

"बोलस ना. म्हैस बठ्ठं, सारंच, ऐकी लेस आन गप ऱ्हास. हाऊ," अक्कांनी शेजारी बसलेल्या पुतण्याकडे बोट केलं, "बठ्ठं ऐकस आन वकीलले सांगस."

साहेबांनी मिशीत हसू दाबलं. "बरं, घराला आग लागली तर काय कराल?"

अक्का तोंड उघडणार तोच पुतण्या उसळला, "तिला काय कळतंय साहेब! आधी घराचे कागद बाहेर काढायचे!"

झालं. पुतण्या खुर्चीत.

"कागद निघाले. मग?"

"मग कपाट."

"मग?"

"मोटारसायकल."

"आणि अक्का?"

पुतण्याला असा घाम फुटला की पांझरेला पूर यावा. "ती... ती येईलच ना मागून!"

"मी आधी म्हैस सोडसू," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मंग ह्याले उठाडसू. हाऊ दुपारलेबी झोपस."

साहेबांनी अहवाल सांगितला: 'अक्कांची बुद्धी शाबूत. आगीत पुतण्यालाही वाचवतील, इतकी उदार.' दुसरं वाक्य गाळू या, असं मी म्हटलं. साहेबांनी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं. मी निमूट टाइप केलं. घर अक्कांचंच राहिलं.

पुढे निवृत्त होऊन साहेब जळगावला पिंप्राळ्यात एकटे राहू लागले. काही वर्षांनी गॅस चालू राहू लागला, चपला फ्रिजमध्ये सापडू लागल्या. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. साहेब म्हणाले, माझं घर सोडणार नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरने तपासून ठरवायचं झालं. सोबतीला मी गेलो.

"सर, घराला आग लागली तर काय कराल?"

साहेब खिडकीकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. "साहेब तर आधी..."

टेबलावर थाप पडली. "मधे बोलला! ह्याची तपासणी आधी!"

तोच जुना आवाज. साहेब उठले आणि मी मुकाट्याने त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.

"बोल, घराला आग लागली. आधी काय बाहेर काढशील?"

"तुम्हाला, साहेब."

त्यांनी मला नीट न्याहाळलं, समाधानाने मान हलवली. मग तरुण डॉक्टरच्या कानाशी झुकून म्हणाले, "डोकं शाबूत आहे. पण हा आहे कोण?"