हप्त्याच्या टेम्पोतली वरात

द्राक्षांच्या खोक्यांचा गोडसर वास आला की मला आमची वरात आठवते. साखरपुड्याआधी देवळाली कॅम्पच्या बाजारात चहा पिताना माझा होणारा नवरा चाचरत म्हणाला, "माझा द्राक्षं वाहायचा टेम्पो कर्जाचा आहे. लग्नानंतरही काही वर्षं हप्ते जातील. तू नाही म्हणालीस तरी मला राग नाही." मी विचारलं, "टेम्पो नीट चालतो ना?" तो हसला आणि गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला. मग सजवलेली गाडी आणि बँड रद्द करून ते पैसे हप्त्यांत भरायचे, असं आम्ही ठरवलं. "लोक काय म्हणतील?" म्हणत होणाऱ्या सासूबाई रुसून बसल्या. लग्नाच्या दिवशी टेम्पोला झेंडूच्या माळा लावल्या, मागे सतरंजी अंथरली, तरी द्राक्षांचा वास काही गेला नव्हता. त्याची विंचूरची आत्या सगळ्यांच्या आधी चढली आणि सासूबाईंना म्हणाली, "वहिनी, लय हवेशीर हाय, या वर." सासूबाई पदर खोचून चढल्या, आणि नाशिक रोडचं घर येईपर्यंत सगळ्यांत मोठ्यानं त्याच गात होत्या. ते कर्ज कधीच फिटलं. परवा धाकट्या दिराचं लग्न ठरलं, तर सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला बजावलं, "त्या दिवशीचं भाडं घेऊ नकोस, टेम्पो आपल्याला लागेल."