मशीनवाल्यांनी दारू कशी सोडली

कालव्याचा पूल ओलांडून दोघं बंद पडलेल्या छापखान्याच्या भिंतीपर्यंत आले, तेव्हा वहिनींनी विचारलं, "भावजी, अजून कुठवर जायचं?"

"घरी मुलं बसलीत तोवर चालायचं," मशीनवाले म्हणाले. "तुम्ही परत फिरा हवं तर. तुमचे गुडघे दुखतील."

"गुडघ्यांसाठीच चालतेय. मला डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला कोणी सांगितलंय?"

"विद्यापीठाने," मशीनवाले म्हणाले आणि खाली बघत पुढे निघाले.

मशीनवाले म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणाला माहीत असलंच तर पोस्टमनला. हाताला कायम तेलाचा वास, खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं इतकं हळू, की त्यांच्याशी बोलताना आपणच ओरडतोय असं वाटावं. शेजारच्या वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांना ओळखतात. या वहिनी एका लहानशा मासिकात साध्या माणसांवर लिहितात. मासिकाचे वाचक थोडे, पण सगळे ओळखीचे, त्यामुळे त्यांना जपून लिहावं लागतं.

मशीनवाल्यांच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचा पिशव्या शिवण्याचा कारखाना आहे. एक शिवणशाळा बंद पडली, तेव्हा तिथली भंगारात निघालेली मशीनं मशीनवाल्यांनी उचलून आणली. उन्हाळाभर खोलून, पुसून, तेल घालून ती चालती केली आणि बायकोला म्हणाले, "तुझा हात बरा आहे. गल्लीतल्या चौघींना बोलाव, काहीतरी शिवा." कारखान्याचा जन्म झाला तो एवढाच. पण इतक्या साध्या जन्माला विद्यापीठात मार्क मिळत नाहीत.

विद्यापीठात सामाजिक उद्योग आणि त्याचा परिणाम असा एक विषय शिकवतात. तो शिकणारी एक मुलगी एक दिवस वही घेऊन दारात आली. मोठा चष्मा, बारीक आवाज.

"काकू, उद्योग सुरू करण्याआधी तुमची परिस्थिती कशी होती?"

"बरी होती."

"म्हणजे त्रास कसला होता?"

काकूंनी मनापासून आठवून बघितलं. "नळाला पाणी कमी यायचं. अजूनही कमीच येतं."

आठवड्याने मुलगी परत आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. तिच्या सरांचं म्हणणं, आधी बरं आणि नंतरही बरं, मग परिणाम झाला कुठे? असा उद्योग अभ्यासाच्या काय कामाचा? दुसरा शोधायला वेळ नव्हता. तिचं वर्ष बुडणार होतं.

मशीनवाले आत एका मशीनचं शटल साफ करत होते. ते तिथूनच म्हणाले, "मग मी पितो असं लिही."

"अहो, काहीतरीच काय," बायको म्हणाली.

"आपलं काय जातंय? पोरीचं वर्ष वाचेल."

मुलीने डोळे पुसले. "पण काका, तुम्ही पिता का?"

"तू लिही तर. कागदाचा वास घ्यायला कोण येणार आहे?"

आयुष्यात मशीनवाल्यांनी खोकल्याच्या औषधापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं, आणि तेही नाक दाबून.

मुलगी पहिली आली. नडली ती तीच गोष्ट. तिचा अभ्यास पुस्तकात गेला आणि दर वर्षी नवी तुकडी तो उद्योग डोळ्यांनी बघायला यायला लागली. पहिल्या तुकडीला दार मशीनवाल्यांनीच उघडलं. पाणी दिलं, पंखा लावला. मुलं गोंधळली. एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच विचारलं, "आज बरं वाटतंय ना?" त्यानंतर मुलं यायची असली की बायकोच सांगायची, "अहो, तुम्ही जरा फिरून या."

असे मशीनवाले दर वर्षी स्वतःच्या घरातून हद्दपार व्हायचे, आणि त्यांच्यामागे त्यांची दारू वाढत जायची. प्रत्येक तुकडीला आधीच्या तुकडीपेक्षा काहीतरी नवं शोधावं लागतं ना. आधी ते संध्याकाळीच प्यायचे, पुढच्या तुकडीने त्यांना सकाळपासून बसवलं. त्याच्या पुढच्या तुकडीने त्यांना मशीनं विकायला लावली, तीच, जी त्यांनी उचलून आणली होती. मग बायकोने एक मशीन गादीखाली लपवलं आणि त्यावर कारखाना उभा केला. शिलाई मशीन गादीखाली मावतं का, हे कोणी विचारलं नाही. आणि गेल्या वर्षी, पुस्तकातल्या मशीनवाल्यांनी बायकोवर हात उचलला.

"एवढी पिऊनही तुमच्या हाताला तेलाचाच वास कसा, त्यावर कोणी निबंध नाही लिहिला?" वहिनींनी विचारलं.

मशीनवाले एरवी हसले असते. आज हसले नाहीत.

"काल मॅडम येऊन गेल्या," ते म्हणाले.

मॅडम म्हणजे पायरीवर रडलेली ती मुलगी. आता ती तोच विषय शिकवते. चष्मा बारीक झालाय, आवाज मोठा. काल येऊन तिने दार आतून लावून घेतलं.

"काका, बाहेरून तपासणीला माणसं येताहेत. त्यांना दूरगामी परिणाम बघायचाय."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे तुम्ही सुधारलात."

मशीनवाल्यांना बरंच हलकं वाटलं. "मग झालं की. सुधारलो."

"नुसतं सुधारून नाही भागत. व्यासपीठावर सांगायचं. कसे प्यायचात, काय काय केलंत, आणि काकूंच्या उद्योगामुळे कशी सुटली. त्याच कार्यक्रमात विद्यापीठ काकूंना वर्षभराचं पिशव्यांचं काम देणार आहे. तुमचं भाषण झालं की लगेच."

"बाळ, आता खरं सांगून टाकू या का?"

ती मान वर न करता म्हणाली, "माझी नोकरी त्यावर उभी आहे हो, काका. आणि लिही म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

ते खोटं नव्हतं.

"मग तुमची ही काय म्हणाली?" वहिनींनी विचारलं.

"म्हणाली, खड्ड्यात गेल्या त्या पिशव्या, तुम्ही जाऊ नका. पण मशीन थांबवलं नाही तिने. बाकीच्या चौघींनीही मान वर केली नाही. या वर्षी काम कुठून येतंय ते तुम्हाला माहीतच आहे. कुठूनच येत नाहीये."

खोटं बोलू नये, हे वहिनी शाळेत शिकल्या होत्या आणि रोज देवापुढे दिवा लावताना स्वतःला पुन्हा सांगत होत्या. पण दुसऱ्याचं वर्ष वाचवायला स्वतःच्या नावावर घेतलेलं खोटं कशात मोजायचं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"देवाला काय सांगाल, भावजी?"

"देवाला ठाऊक आहे मी काय पितो ते. तिथे माझी पंचाईत नाही. पंचाईत आहे व्यासपीठावर. मला सोडायची कशी तेच माहीत नाही." मशीनवाले घुटमळले. "सकाळी नाक्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन आलो. त्याने खरीच सोडलीय. म्हटलं, बाबा, सुटते कशी ते सांग. तर त्याने हातातला वस्तरा खाली ठेवला आणि मला मिठीच मारली. म्हणाला, मला शंका होतीच. आता रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसणार म्हणतोय, धीर द्यायला."

आता मात्र वहिनींनी तोंडाला पदर लावला.

परत फिरून दोघं गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा विद्यार्थ्यांचा घोळका घरातून बाहेर पडत होता. प्रत्येकाच्या खांद्याला काकूंनी शिवलेली नवी पिशवी. मशीनवाल्यांना बघून त्यांचं बोलणं थांबलं. एक मुलगी मैत्रिणीच्या आडोशाला सरकली, अगदी थोडीशी, दिसलं नाही तर बरं अशा बेताने. पण मशीनवाल्यांना ते दिसलं. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि सगळी मुलं निघून जाईपर्यंत त्यांनी हात पाठीमागे बांधून ठेवले.

मग ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिहिता. ते भाषण मला तुम्ही लिहून द्या."

"मी?"

"मॅडमनी एक दिलंय, पण ते मला वाचवत नाही. तुम्ही लिहा. सकाळपासून प्यायचो, लिहा. मशीनं विकली, लिहा. गटारात पडलो, लिहा, हवं तर रोज पडलो म्हणून लिहा. मी वाचेन, हसणार नाही." त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, बघितला, परत ठेवला. "तेवढा हात उचलल्याचा भाग गाळा. मॅडम म्हणतात, टाळ्या तिथेच पडतात. पण आमची ही पहिल्या रांगेत बसलेली असणार, वहिनी. तिच्यासमोर तेवढं मला वाचायला लावू नका."