पत्र नंबर चौदा

माझा मोठा भाऊ लष्करात अभियंता होता. समुद्रकाठच्या तटबंदीचं काम त्याच्याकडे होतं. लाटा अडवणारी भिंत आणि तिच्यामागे तोफांसाठी काँक्रीटचे चौथरे. ठिकाण कोणतं, हे त्याला पत्रात लिहिता येत नसे. पत्त्याच्या जागी नुसता एक आकडा असायचा. आमचं गाव जाफराबादपासून तीन कोसांवर. समुद्र घरात कोणीच पाहिलेला नव्हता.

दादा प्रत्येक पत्राला नंबर घालायचा. लष्करी टपाल कधी मागेपुढे येई, कधी गहाळ होई, म्हणून ही सवय. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं आकडा, त्याभोवती गोल. वाचून झालं की पत्र ओसरीतल्या तारेला टोचून ठेवायचं, हे काम माझं. वाचायचं कामही माझंच. बाबांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मराठी अक्षरं जुळवताना ते दमून जायचे. आई आणि वहिनी शाळेत गेल्याच नव्हत्या.

आमच्याकडे तेव्हा नवरा बायकोला वेगळं पत्र लिहीत नसे. लिहिलं तरी वाचून दाखवणार दीरच. त्यामुळे दादाची सगळी पत्रं बाबांच्या नावानं यायची आणि त्यांत वहिनींचा उल्लेखही नसायचा. मी वाचायला लागलो की आत सुपात धान्य पाखडायचा आवाज थांबायचा. एवढ्यावरून कळे की वहिनी ऐकत आहेत.

पत्रं लांबलचक असायची. अर्धं पान नमस्कार आणि पीकपाणी, उरलेली तीन पानं भिंत. ओहोटीला खालचे दगड उघडे पडतात, तेव्हाच चार तास काम करता येतं. हाताला मीठ चढतं, ते धुऊन जात नाही. संध्याकाळी वारा उलटा फिरतो, तेव्हा तो आपल्या घराकडून आला असं वाटतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, शाळेच्या मैदानावर पोरं व्हॉलीबॉलला खोळंबलेली असत. बाबाही म्हणायचे, "खुशाल हाय न्हवं? बस मंग, जल्दी आटप." मी म्हणायचो, "पुढं समदं कामाचंच लिहिलंय," आणि घडी घालायचो. आत पाखडणं पुन्हा सुरू व्हायचं, पण लगेच नाही.

वाऱ्याबद्दल बापाला तीन पानं कोणी लिहीत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

चौदाव्या पत्रात मात्र कळलं. भिंतीच्या आतल्या अंगाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आहे, खिडकीतून पाणी दिसतं, पेरणी झाल्यावर घरातून माणूस आलं तर बरं होईल, महिनाभरात कळवावं. मी हे मनात वाचलं आणि थांबलो. आईचे गुडघे गेलेले. वहिनी गेल्या तर पाणी, शेण, म्हशी माझ्या गळ्यात आणि जाफराबादचं कॉलेज बंद. सकाळच्या जीपच्या आधी माझी भाकरी वहिनीच बांधून द्यायच्या.

"पुढं काय?" बाबांनी विचारलं.

"कामाचंच," मी म्हणालो.

उत्तरही मीच लिहायचो. लिहिलं, 'बाबा म्हणतात, सध्या घरातून माणूस निघणं जमणार नाही.' खाली बाबांनी उर्दूत सही केली. न वाचता, माझ्यावर भरवसा ठेवून.

दादानं पुन्हा विचारलं नाही. वर्षाकाठी एकदा सुटीवर यायचा, बाबांशी कामापुरतं बोलायचा. विहिरीवर बायका वहिनींना चिडवायच्या, "समुद्रावर भिंत बांधून राह्यला का दुसरं घर?" वहिनी म्हणायच्या, "बांधू द्या. मला तर गवऱ्याच थापता येतात." बाबा गेले तेव्हा दादा तिसऱ्या दिवशी पोचला. ओसरीत बसून म्हणाला, "बाबांना एक गोष्ट विचारायची राहून गेली." कोणती, हे मी विचारलं नाही.

नव्वदनंतर गावात साक्षरता वर्ग निघाला. वहिनी आधी आकडे शिकल्या, मग अक्षरं. मी तोवर बदनापूरला नोकरीला होतो, शनिवारी घरी यायचो. एका शनिवारी त्या तारेवरची पत्रं काढून बसल्या होत्या, एकेका शब्दाखाली बोट धरून.

"भाऊजी, ओहोटी म्हंजे काय हो?"

मी सांगितलं.

"हे तुम्ही कधी वाचलं न्हवतं."

"राहिलं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या शेतात गेल्यावर मी चौदा नंबरचं पत्र तारेवरून काढलं आणि बॅगेत घातलं. पहिली चूक तरी एकोणिसाव्या वर्षाची होती. ही मी कळत्या वयात केली.

दोन-तीन आठवड्यांनी आलो तर वहिनींनी सगळी पत्रं नंबरवार ओसरीत मांडली होती.

"तेरा हाय, पंधरा हाय. चवदा न्हाई."

"उंदरानं नेलं असेल."

"उंदीर आकडा बघून नेतो का?"

मग त्यांनी पंधरावं उचललं आणि हळूहळू वाचलं, 'बाबांचा निरोप कळला. क्वार्टर दुसऱ्याला दिलं.' तेव्हा ही ओळ मी गाळून वाचली होती आणि हे पत्र पार विसरलो होतो.

"कंचा निरोप, भाऊजी?"

चौदावं पत्र अजून बॅगेतच होतं. फाडायची हिंमत झाली नव्हती. मी ते काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्या वाचत होत्या तोवर मी उभाच होतो. जोडाक्षरापाशी अडायच्या, मागे जाऊन परत सुरू करायच्या.

"म्हंजे बोलावलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् न्हाई कुणी म्हणलं?"

"मी. बाबांना माहीतच नव्हतं."

त्यांनी पत्राची घडी घातली. "मला वाटायचं, ह्यांना गावाकडची बायको तिथं दाखवायची लाज वाटती."

मी म्हणालो, "मी दादाला सगळं लिहून कळवतो."

"न्हाई. तुमचं लिव्हणं बस झालं."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, चार दिवस लागले. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा काढून त्याला गोल केला. टाकायला मात्र माझ्याकडेच दिलं. जाफराबादच्या जीपमध्ये मी ते पाकीट उन्हासमोर धरून पाहिलं. अक्षरं एकावर एक आलेली होती, काही लागलं नाही. हेही सांगून टाकलेलं बरं.

उत्तर वहिनींच्या नावानं आलं. ते त्यांनी आत जाऊन, दार लोटून वाचलं. त्या वर्षी पेरणी उरकल्यावर त्या दादाकडे गेल्या. पण तोवर त्याची बदली दूरच्या, कोरड्या छावणीत झाली होती. ती भिंत वहिनींनी अजून पाहिलेली नाही.

आता दोघं जालन्यात राहतात. मी गेलो की दादा चांगलं बोलतो, जेवायला थांबवून घेतो. पण वहिनींनी त्या पत्रात माझं काही लिहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. दादा अजून बाबांनाच दोष देतो का, तेही माहीत नाही. मागच्या खेपेला विचारायचं ठरवूनच गेलो होतो. दादानं पेन्शनचं कुठलंसं पत्र पुढे केलं. "चष्मा सापडेना. वाच जरा."

मी पत्र हातात घेतलं. पहिली ओळ वाचायच्या आत वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "द्या इकडं, मी वाचते," म्हणाल्या आणि माझ्या हातातून त्यांनी ते काढून घेतलं. शेवटच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. दादा ऐकत राहिला.

मी न विचारताच परत आलो. तोंडानं जमलं नाही म्हणून हे लिहिलं आहे, आणि हे दादाला मिळेल अशी व्यवस्था करणार आहे. त्यात त्यानं एवढं तरी वाचावं. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं.