खुर्ची मात्र त्याचीच

आज अकरा महिने भरले, ठेकेदाराने गेटपास जमा करून घेतला. कायम करावं लागू नये म्हणून दरवर्षी असा ब्रेक देतात. नंतर परत बोलावतात, बहुतेक.

वडखळच्या कारखान्यातून घरी आले तर आई ऑफिसवरचा तो जुना विनोदी पिक्चर बघत होती. सगळ्यांनी पाहिलाय, मीच राहिले होते.

हीरो रोज उशिरा येतो, टेबलावर झोपतो, साहेब ओरडतो. आईला हसून ठसका लागला.

"हस ना गो, एवढी कसली दमलीस?"

मी बघत होते, दुसऱ्या दिवशी खुर्ची त्याचीच असते.

"उद्या कुठली शिफ्ट हाय?"

"पहिली," मी म्हणाले.

मंडळी, पास जमा झाल्याचं तुम्ही घरी कधी सांगता? आईने पाचचा गजर लावलाय.