अंगठ्याखालची अक्षरं

इल्दे बोर्तोलिनने चाळीस वर्षं सायकलींच्या फ्रेमवर नावं लिहिली. पियावे नदीच्या काठच्या आमच्या गावात तिचा मोठा भाऊ तार्चिझिओ नळ्या जोडून फ्रेम बनवायचा. इल्दे ती रंगवायची आणि वरच्या नळीवर ब्रशने मालकाचं नाव घालायची. खारीच्या केसांचा लांब ब्रश, एक श्वास, एक अक्षर. श्वास अक्षर संपल्यावरच सोडायचा.

वरचा लॅकरचा पारदर्शक थर चढवण्याआधी तार्चिझिओ डोळे मिटून त्या नावावरून अंगठा फिरवी. ब्रश टेकला तिथे रंग जाड, उचलला तिथे विरळ. तो मान हलवी, मगच लॅकर. दुसऱ्या कारखान्यांतून स्टिकर लावलेल्या फ्रेम येऊ लागल्या तेव्हा तो म्हणाला, "हे केळ्यांवर लावतात."

मग त्याचे डोळे गेले, पाठोपाठ छाती बिघडली. तो दुकानावरच्या खोलीत खाटेवर राहू लागला. खाली इल्दे जुन्या फ्रेम नव्याने रंगवून द्यायची. त्याच सुमारास तिचा उजवा हात थरथरायला लागला.

हे फक्त मला माहीत होतं. रस्त्यापलीकडे माझं पाट्यांचं दुकान आहे, अक्षरं कापायचं यंत्र आहे. दोन वर्षं मी तिला नावं कापून देत होतो. वळण तिचंच, पंधरा वर्षांपूर्वीच्या तिच्या नमुन्याच्या कागदांवरून उतरवून घेतलेलं. ती वरून लॅकर मारायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं.

वरून तार्चिझिओ ओरडून विचारायचा, "हाताने लिहितेस ना गं?"

"नाही, पायाने!" ती खालून ओरडायची.

आमच्याकडे कारागीर स्वतःसाठी एकच फ्रेम बनवतो, सगळ्यांत शेवटी. ती कुणी चालवत नाही, दुकानात टांगतात. तार्चिझिओने आपली फ्रेम डोळे जाण्याआधी जोडून ठेवली होती. नाव तेवढं राहिलं होतं. डॉक्टरांनी ऑक्टोबरात थोडे आठवडे सांगितले, तेव्हा त्याने बहिणीला बोलावून म्हटलं, "आता लिही."

ती माझ्याकडे आली. मी यंत्र सुरू करायला उठलो.

"थांब," ती म्हणाली. "त्याला मी केळं चिकटवून देऊ?"

"अगं, अक्षरं तुझीच आहेत."

"माझी होती."

तिने ब्रशनेच लिहायचं ठरवलं. आमच्या लिपीत आठ अक्षरांचं नाव, तीन दिवस लागले. सकाळी हात जरा शांत असायचा, तेव्हा दोन-तीन अक्षरं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. नागमोडी 'एस'ला तिचा श्वास पुरला नाही. नाव पूर्ण झालं तेव्हा ते थंडीत उभ्या माणसासारखं दिसत होतं.

फ्रेम मी वर नेली, इल्दे मागोमाग आली. खोलीत औषधाचा आणि थंड झालेल्या मक्याच्या पोलेंताचा वास होता. त्याने हात पुढे केला, डोळे मिटायची सवय अजून होती. अंगठा पहिल्या अक्षरावरून निघाला, तिसऱ्यावर थांबला, मागे आला.

"हे कुणी केलं?"

इल्देने उजवा हात एप्रनच्या खिशात घातला.

"कुणी पोरगी ठेवलीयस काय शिकायला?"

"हो," ती म्हणाली. "फेल्त्रे गावची आहे. नवीन आहे अजून."

"नवीन! गाडीत बसून लिहिलंय की काय तिने? शिकायला माझीच फ्रेम सापडली? पूस ते. तू लिही."

"बरं," ती म्हणाली.

खाली येऊन तिने स्वतःच थिनरने ते पुसलं. फडकं लाल झालं. ते तिने नीट घडी करून टेबलावर ठेवलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काप."

मी कापलं. तिने फ्रेम घट्ट धरली, चिकटवलं मी. लॅकर मारलं नाही. त्याखाली कडा बुडून जातात आणि अंगठ्याला काहीच लागत नाही. कापलेल्या अक्षरांचा थर मात्र सगळीकडे सारखा होता, ब्रशसारखा कुठे जाड कुठे विरळ नव्हता. फ्रेम पुन्हा वर नेली तेव्हा मी घाबरलो होतो. त्याचा अंगठा सगळ्या नावावरून सावकाश गेला, एकही अक्षर न चुकवता. आता त्याची बोटंसुद्धा सुजलेली होती.

"ही माझी बहीण," तो मला म्हणाला. मग तिच्याकडे तोंड करून, "त्या पोरीला हाकलू नकोस मात्र. हात बसेल तिचा."

"नाही हाकलत," इल्दे म्हणाली.

अकराव्या दिवशी तो गेला.

फ्रेम दुकानात खिडकीशी टांगली. उन्हाळ्यात शेवटच्या अक्षराची कड सुटू लागली. मी म्हटलं, लॅकर मारून टाकतो. ती नको म्हणाली. रोज सकाळी दुकान उघडलं की ती अंगठ्याने ती कड दाबते.

परवा मी आत शिरलो तेव्हा तिच्यासमोर एक तुटकी नळी होती. नळीभर त्याचंच नाव, एकाखाली एक, लाल रंगात.

"पोरगी शिकतेय," ती म्हणाली.

वरची नावं वाचता येत होती. खालची येत नव्हती. तिने ब्रश बुडवला, मनगट धरलं आणि श्वास घेतला.