गौरीची गोळी

आमच्या घरात पाळीला ‘अडचण’ म्हणत. शब्द चोख होता, फक्त ती अडचण कोणाची हे कोणी विचारत नसे. सासूबाईंच्या मते ती देवांची होती, कारण त्यांच्या पूजेत खंड पडायचा. नवऱ्याच्या मते ती सासूबाईंची होती, कारण त्यांना चार दिवस एकटीने घर ओढावं लागायचं. जिच्या अंगातून रक्त जायचं तिचा नंबर बराच खाली होता. मी झाशी स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर काम करायची, त्यामुळे वेटिंग लिस्टवर खाली असणं म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं.

माझं माहेर झाशीतल्याच नगऱ्यातलं, म्हणजे रेल्वेच्या वस्तीतलं. वडील भुसावळहून बदली होऊन आलेले रेल्वेवाले, क्वार्टर दोन खोल्यांचं. तिथे आईला बाजूला बसायचं म्हटलं तर थेट रुळांवरच जावं लागलं असतं, म्हणून तिने तो प्रकार कधी केलाच नाही. सासर जुन्या शहरातलं, लक्ष्मी गेटजवळचं. हे लोक दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पूजापाठ करायला देशावरून आलेले, आणि तेवढ्या भांडवलावर आम्हा रेल्वेवाल्या मराठी लोकांना अजून ‘परवा आलेले’ म्हणायचे. त्यांच्याकडे चार दिवस देवघर बंद, स्वयंपाकघर बंद आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन सगळं पूर्ववत. नियम सोपा होता, पण तो शहाण्या पाळीसाठी केलेला होता. माझ्या धाकट्या मुलीच्या जन्मानंतर माझी पाळी काही शहाणी राहिली नाही. ती आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबेना, तेव्हा सासूबाईंसमोर मोठा धर्मप्रश्न उभा राहिला. पाचव्या दिवशी न्हालेली पण अजून अंगावरून जात असलेली सून शुद्ध की अशुद्ध? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला की देवघरापुरती मी अशुद्ध आणि पोळ्यांपुरती शुद्ध. मला हसू आलं होतं. पोळ्या लाटताना भिंतीला टेकावं लागायचं, तेव्हा हसू जायचं.

गाड्या उशिरा यायच्या, माझं मात्र सगळं बिफोर टाइम. कधी सुरू होईल याचा नेम नव्हता, म्हणून पर्समध्ये कायम पॅड, जुन्या धोतराच्या घड्या आणि एक जादा परकर असायचा. साड्या सगळ्या गडद, चॉकलेटी नाहीतर जांभळट काळ्या. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं, हिला रंगांची आवडच नाही. मला पिवळा रंग इतका आवडतो की विचारू नका. माझ्या खुर्चीला रेक्झिनची गादी होती आणि त्यावर मी वर्तमानपत्र अंथरून बसायची. वर्षानुवर्षं मी एकही खुर्ची मागे वळून न बघता सोडली नाही, मग ती ऑफिसातली असो, लग्नातली असो की शाळेतल्या पालकसभेतली.

खिडकीवरून मधेच उठायची सोय नव्हती. उठले की रांगेतून आवाज यायचा, “बहनजी, अब कहाँ चलीं?” एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीतली गर्दी होती आणि खुर्चीतच आतून काहीतरी गरम सुटलं. ते कुठवर पोचलंय हे बघायला उभं राहायलाच हवं होतं आणि उभं राहिलं तर सगळ्या हॉलने बघितलं असतं. मी बसून राहिले. ड्यूटी संपेपर्यंत तिकिटं काढली, लोकांना खालचे बर्थ दिले, एका आजोबांना हसून नातवाचं वयही विचारलं. हॉल रिकामा झाल्यावर पर्स मागे धरून, भिंतीच्या कडेकडेने बाथरूमपर्यंत गेले. दार लावल्यावर रडले. मला लाज नव्हती वाटली, राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बड़े बाबूंनी बोलावलं. माणूस सज्जन. खुर्चीबद्दल चकार शब्द काढला नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, “आपकी तबीयत ठीक नहीं रहती बहनजी. छुट्टियाँ भी खत्म हैं. फाइल रूम में बैठ जाइए, वहाँ आराम रहेगा.” फाइल रूममध्ये आराम होताच. एक खिडकी, ती पण बंद, आणि रिटायर व्हायची वाट बघणारे दोघे. मी परीक्षा देऊन खिडकी मिळवली होती. सासरी माझं ‘परवा आलेली’च्या पुढे काही झालं नव्हतं, पण त्या काचेमागे मी बसले की अर्ध्या बुंदेलखंडाचा प्रवास माझ्या बोटांखालून जायचा. ती खिडकी मला सोडायची नव्हती. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली, आणि त्यांनी ती पेपरवेटकडे बघूनच दिली.

मग घरात उपचार सुरू झाले. सासूबाईंनी दूर्वांचा रस दिला, तांदळाचं धुवण दिलं, केळफुलाची भाजी तर इतकी केली की मुलं केळं बघून पळायला लागली. नणंद ग्वाल्हेरला दिलेली, तिने निरोप पाठवला की काहीही कर पण हार्मोनच्या गोळ्या घेऊ नकोस. तिच्या शेजारणीने घेतल्या तर तिला मिशा आल्या म्हणे. सासूबाईंनी हा निरोप मनावर घेतला आणि जेवताना जाहीर केलं, “त्या गोळ्या या घरात येणार नाहीत. बाईच्या जातीला त्या सोसत नाहीत.”

रेल्वेच्या दवाखान्यात वेगळाच कारभार. तिथल्या डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता विचारलं, “बच्चे कितने हैं?” दोन म्हटल्यावर म्हणाले, “तो अब क्या करना है इसका? निकलवा दीजिए.” जुनं कपाट काढायचं असतं तेव्हासुद्धा माणूस आधी आत काय आहे ते बघतो. यांनी तेही केलं नाही. नवरा बँकेत कारकून, मोठ्या माणसाच्या सहीवर त्याचा फार विश्वास. घरी येताना म्हणाला, “डॉक्टर म्हणतायत तर थंडीत ऑपरेशन करून घेऊ. मग लांब रजा टाक. नोकरीचं पुढे बघू.” सासूबाईंनी पुढचं लगेच बघूनही टाकलं. नोकरी सुटली की शरीर आपोआप बरं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांनी कधी नोकरी केली नाही अशा कितीतरी बायका मला आठवल्या, पण मी बोलले नाही. बोलायलाही जोर लागतो, आणि तो लोहाच्या गोळ्यांनी येत नव्हता.

इलाइट चौराह्याच्या पुढे एक लेडी डॉक्टर बसायच्या. आषाढात एकदा ड्यूटीवरून परस्पर तिथे गेले, घरी न सांगता. त्यांनी विचारलं, किती कपडे लागतात, गाठी पडतात का, जिना चढताना दम लागतो का. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे एकेका प्रश्नाला मी दोन-दोन उत्तरं दिली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, “इतने कम खून में आप नौकरी कर रही हैं? बच्चेदानी ठीक है आपकी. हार्मोन की गड़बड़ है. पहले दवा करेंगे, काटने की बात बाद में.” आणि त्यांनी लिहून दिल्या त्या नेमक्या हार्मोनच्या गोळ्या.

मी चिठ्ठी घेऊन लक्ष्मी गेटच्या मेडिकलवर आले खरी, पण मिशांचं भूत डोक्यात होतं. दुकानदार आमच्या घरातल्या सगळ्यांना ओळखायचा. त्याने चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

“भाभी जी, इस बार इतनी जल्दी? गणेश जी तो अभी दूर हैं.”

मला कळेना. मी म्हटलं, “गणेश जी का क्या?”

“अरे, यही तो माताजी हर साल ले जाती हैं भादों में. मराठी घरों में उस टाइम खूब जाती है.” त्याने फळीवरून गोळ्यांची पट्टी काढून समोर ठेवली. “वही है. आप तो पहचानती होंगी.”

मी ओळखत नव्हते, कारण पट्टी मी कधी बघितलीच नव्हती. आमच्याकडे गौरी बसतात. घरात सून मी एकटी, आणि नैवेद्याच्या पुरणावरणाला सुनेचे हात लागतात. तेव्हा ‘अडचण’ येऊन चालायचं नाही. म्हणून दर वर्षी गणपती आले की सासूबाई रोज सकाळी देवापुढे ठेवलेली एक बारकी पांढरी गोळी माझ्या तळहातावर ठेवायच्या, वर तीर्थाची पळी. घरात तिला ‘गौरीची गोळी’ म्हणत. लग्न झाल्यापासून मी ती घेत आले होते. मला कधी मिशा आल्या नाहीत, आणि येतील अशी काळजीही कोणाला वाटली नव्हती. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून हसायला लागले. दुकानदार घाबरला, त्याने स्टूल पुढे केलं.

घरी आले तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. नवराही आला होता. मी पट्टी त्यांच्या ताटलीत, कापसाशेजारी ठेवली.

“आई, हे ओळखता का?”

त्यांनी चष्मा सारखा केला. “आत्तापासून कशाला आणलीस? गौरींना किती अवकाश आहे!”

“गौरींसाठी नाही. डॉक्टरणीने माझं रक्त थांबवायला दिली. ही हार्मोनची गोळी.”

“काहीतरीच काय! ही देवाची गोळी.”

“देवाची असेल, पण मेडिकलवाल्याकडे मिळते. देवासाठी सोसते तर माझ्यासाठी का नाही सोसणार?”

माझा आवाज चढला होता. नवऱ्याने पट्टी उचलली, मागचं लांबलचक नाव वाचलं आणि परत ठेवली. मग सासूबाई म्हणाल्या, “पण ती आपण गौरींसाठी देतो गं.” आवाजात जोर नव्हता. त्यांनी अर्धवट वळलेली वात उलगडली आणि पुन्हा वळायला घेतली. मी पाणी आणलं आणि सगळ्यांसमोर पहिली गोळी घेतली, तीर्थाशिवाय.

गोळीने जादू केली असं सांगून मी कोणाला फसवणार नाही. पहिल्या महिन्यात पोट फुगलं, डोकं जड झालं, मधेच डाग दिसले आणि मी घरातल्या सगळ्यांवर खेकसले. पण दुसऱ्या महिन्यात पाळी ठरल्या दिवशी आली, पाचव्या दिवशी गेली आणि मला जिना चढून थांबावं लागलं नाही. सासूबाईंनी केळफूल आणणं बंद केलं.

आणि मग गौरी आल्या. डॉक्टरणीने आखून दिलेला क्रम मी मोजून बघितला, तर पाळी बरोबर पूजनाच्या दिवशी येत होती. मी पुन्हा इलाइट चौराह्याला जाऊन विचारलं, गोळ्या चार दिवस पुढे ओढू का? त्या म्हणाल्या, “मुश्किल से लाइन पर आया है. इस बार मत खींचिए.” आता हे घरी सांगायचं होतं. देवासाठी चालणारी गोळी शेवटी माझी झाली, आणि माझी झाल्याबरोबर ती देवाच्या उपयोगाची राहिली नाही. मला वाटलं, आता भांडण होणार आणि या वेळी मी हरणार. सण समोर ठेवला की या घरात सून कधी जिंकली नव्हती, आणि हरले असते तर दिवाळीला फाइल रूम ठरलेली होती.

मी सांगितलं तेव्हा सासूबाई मुखवटे घासत होत्या. त्यांनी ऐकलं आणि चिंचेचा कोळ हाताने पुसत बसल्या. नंतर म्हणाल्या, “नको ओढूस. पुरण मी शिजवते. गौरींना मी सांगेन, त्या बायकाच आहेत.”

मला बरं वाटायला हवं होतं. मला आधी रागच आला, की बाई, हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंत? राग उतरल्यावर मी आत जाऊन मुखवटे पुसायचं फडकं आणून दिलं. पूजनाच्या दिवशी मात्र दूरच राहायचं होतं, कारण नियम अजून तसा होताच.

पूजनाच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझी चौकशी करत होत्या आणि सासूबाई प्रत्येकीला तेच सांगत होत्या, असं मुलीने मला नंतर सांगितलं. “क्या करें, रेलवे की नौकरी है. खिड़की पर उसके बिना चलता ही नहीं.”

इकडे खिडकीवर सणाची गर्दी होती. पाळी दुपारीच आली. मधल्या सुट्टीत मी पॅड बदलून आले, परत बसले, तिकिटं काढली. संध्याकाळी नवरा पुरणपोळीचा डबा घेऊन आला आणि काचेपलीकडे रांगेत उभा राहिला, कारण मधून आला असता तर लोकांनी त्याला सोडलं नसतं. मी खिडकी बंद केली, डबा घेतला आणि त्याच्याबरोबर हॉलच्या दारापर्यंत चालत गेले. तिथे मला आठवलं की मी मागे वळून बघितलंच नाही.

मी डबा त्याच्या हातात दिला आणि परत गेले. वर्तमानपत्र उचलून बघितलं. कोरडं होतं. सकाळी बसल्यापासून त्यावर काय छापलंय तेही मी वाचलं नव्हतं. मी उभ्याउभ्याच पहिलं पान वाचून काढलं आणि मग दिवा बंद केला.